वेल्लोरच्या डॉ. आयडा स्कडर

परदेशीं जाऊन रोग्यांची सेवा करावी, अशी इच्छा पुष्कळ तरुणांच्या मनांत उत्पन्न होते. ती स्तुत्यच होय. परंतु सेवक परत गेल्यावर मागें काय उरलें, ह्यावरून त्या सेवेची खरी पारख होते, असें आम्हांस वाटतें. ह्या दृष्टीनें डॉ. आयडा स्कडर ह्यांचें चरित्र मननीय आहे.

त्यांचा जन्म १८७० सालीं मद्रास इलाख्यांतील राणीपेट येथें झाला. त्यांचे आजोबा जॉन स्कडर हे १८१९ सालीं अमेरिकेहून निघून सिलोनांत आलेले मिशनरी डॉक्टर, वडीलही डॉक्टरच. परंतु आयडा ह्यांस हिंदुस्थानांत राहावयाचें नव्हतें. शिक्षणासाठीं अमेरिकेस गेल्यावर तेथेंच संसार थाटावा, असा त्यांचा मनोदय होता. आईच्या आजारपणामुळें, थोड्या दिवसांकरितां म्हणून, त्या तिंडिवनम् येथें परत आल्या.

तेथें एका रात्रीं निरनिराळ्या समाजांतील तीन गृहस्थ एकामागून एक दाराशीं आले. तिघांच्याही बायका बाळंतपणांत अडल्या होत्या. आपण डॉक्टर नाहीं, वडिलांस न्यावें, असें आयडा ह्यांनीं परोपरीनें विनविलें. परंतु परपुरुषानें आपल्या स्त्रीस पाहावें, हें एकासही मान्य झालें नाहीं. सकाळीं कळलें कीं, तिघीही दगावल्या. डॉक्टर जवळ होता, औषधें जवळ होतीं. स्त्री-डॉक्टर मात्र नव्हती.

त्या रात्रीनें आयडा ह्यांच्या आयुष्याची दिशाच पालटली. न्यूयॉर्क येथील कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयांतून त्या १८९९ सालीं पदवीधर झाल्या आणि पुढच्याच वर्षीं शेल नांवाच्या पेढीवाल्यानें दिलेले १०,००० डॉलर घेऊन परतल्या. त्याच वर्षीं वडील वारले. बंगल्यांतील एका लहानशा खोलींत त्यांनीं रोगी तपासण्यास आरंभ केला. मदतीस स्वयंपाक्याची बायको सालोमी. १९०२ सालीं ४० खाटांचें रुग्णालय उघडलें. पुढें त्या खेडोपाडीं जाऊं लागल्या व रस्त्याच्या कडेला झाडाखालीं दवाखाना मांडूं लागल्या.

परंतु एका बाईचे दोन हात किती जणींस पुरणार? हा हिशेब डॉक्टरबाईंनीं वेळींच ओळखला, ह्यांतच त्यांचा मोठेपणा आहे. १९०९ सालीं त्यांनीं परिचारिकांची शाळा काढली आणि १९१८ सालीं मुलींसाठीं वैद्यकीय शाळा. ह्या मुलींच्या हातून परीक्षा निभावेल कीं नाहीं, ह्याविषयीं सरकारी अधिकाऱ्यांस शंका होती. पहिल्या परीक्षेस बसलेल्या चौदाही मुली उत्तीर्ण झाल्या!

खरी कसोटी पुढेंच होती. डॉक्टर होण्यास जुनी पदविका पुरेशी नाहीं, विद्यापीठाचीच पदवी हवी, असें सरकारनें ठरविलें. त्यासाठीं अधिक प्राध्यापक, अधिक खाटा व प्रयोगशाळा पाहिजेत; नाहींतर शाळा बंद. सत्तरी उलटलेल्या डॉक्टरबाई निधि जमविण्यासाठीं पुन्हां अमेरिकेस गेल्या. स्त्रियांसाठीं काढलेल्या संस्थेंत पुरुषांस घ्यावें कीं नाहीं, ह्यावरूनही जुन्या साहाय्यकर्त्यांत तीव्र मतभेद झाले. जिच्यासाठीं आयुष्य वेंचलें, ती संस्था आपल्या मूळच्या संकल्पाहून निराळी होत आहे, हें पाहणें कोणासही सोपें नसतें. तरी संस्था टिकावी म्हणून बाईंनीं हा बदल पत्करला, आणि १९४७ पासून तेथें पुरुष विद्यार्थीही शिकूं लागले. पुढें डॉ. हिल्डा लाझारस ह्या हिंदी विदुषीनें संस्थेचीं सूत्रें हातीं घेतलीं. १९६० सालच्या मे महिन्यांत कोडाईकनाल येथें डॉ. स्कडर निवर्तल्या.

परक्या मुलखांत जाऊन रोग्याच्या उशाशीं बसणें थोरच खरें. परंतु आपल्यामागें तेथें बसावयास त्याच मुलखांतील माणसें तयार करणें अधिक थोर होय. ज्या दारांतून एका रात्रीं तीन गृहस्थ रिकाम्या हातांनीं परतले, त्या प्रांतांत डॉक्टरबाईंच्या हयातींतच शेंकडों स्त्रिया डॉक्टर व परिचारिका होऊन बाहेर पडल्या. सेवेचा संकल्प करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं व विद्यार्थिनींनीं ही गोष्ट विसरूं नये, एवढेंच आमचें सांगणें आहे.