हेडीबाईंची युक्ती

मोबाईलवरचं गाणं तार न जोडता शेजारच्या स्पीकरमध्ये कसं वाजतं? त्यामागच्या युक्तीशी एका सिनेनटीचं नाव जोडलेलं आहे. ती म्हणजे हेडी लमार.

हेडीचा जन्म ९ नोव्हेंबर १९१४ रोजी ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहरात झाला. वडील बँकेत अधिकारी होते. फिरायला नेताना कोणतं यंत्र कसं चालतं, हे ते तिला समजावून सांगत. पुढे ती सिनेमात गेली. १९३३ मध्ये शस्त्रांच्या एका कारखानदाराशी तिचं लग्न झालं. घरी जेवताना शस्त्रांच्याच गोष्टी निघत. ती गुपचूप ऐके. पण संसार सुखाचा नव्हता. १९३७ साली ती घर सोडून निघाली आणि अमेरिकेत जाऊन मोठी नटी झाली. लोकांनी तिचं रूप पाहिलं, बुद्धी पाहिली नाही.

तेवढ्यात दुसरं महायुद्ध पेटलं. १७ सप्टेंबर १९४० रोजी जर्मन पाणबुडीने ‘सिटी ऑफ बनारस’ हे जहाज बुडवलं. बॉम्बपासून वाचावीत म्हणून इंग्लंडहून कॅनडाला धाडलेली ९० मुलं त्यावर होती. त्यातली ७७ दगावली. आपले हिंदी खलाशीही गेले. अशा बातम्यांनी हेडीबाईंना चैन पडेना.

पाणबुडीवर सोडायचा पाणतीर बिनतारी संदेशाने वळवता येतो. पण शत्रूने त्याच वारंवारतेवर खरखर सोडली, की संदेश बुडालाच! हेडीबाई व संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी उपाय काढला. पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या यंत्रांत सारखीच भोकं पाडलेल्या कागदाच्या गुंडाळ्या बसवायच्या. गुंडाळी सरकेल तशी दोघांची वारंवारता एकदमच बदलेल. पियानोच्या पट्ट्या ८८, म्हणून वारंवारताही ८८! लपाछपीत पुढची जागा फक्त दोघा दोस्तांनाच ठाऊक असावी, तसंच हे. शत्रू शोधतोय एकीकडे, संदेश पळाला दुसरीकडे.

अशी कल्पना आधीही काहींना सुचली होती. पण या जोडीच्या युक्तीला ११ ऑगस्ट १९४२ रोजी पेटंट मिळालं. नौदलाने मात्र युद्धात ती वापरली नाही. हेडीबाईंनी युद्धकर्जाचे रोखे विकून मदत केली. पेटंटची मुदत संपली, हाती पैसाही आला नाही.

पुढे १९८५ मध्ये अमेरिकेने काही वारंवारता बिनपरवाना खुल्या केल्या. अट अशी, की संदेश पसरून पाठवायचा आणि शक्ती १ वॅटच्या आत ठेवायची, म्हणजे विजेरीच्या लहान बल्बाएवढी. कारण एकाने ओरडून बोललं, तर शेजाऱ्यांचं ऐकू येणार कसं? आज ब्लूटूथ अशाच मंद आवाजात बोलतं आणि ७९ जागांवर सेकंदाला १६०० उड्या मारतं. म्हणून एकाच खोलीत अनेकांची यंत्रं सुखाने नांदतात.

१९९७ मध्ये हेडीबाईंचा या कामासाठी गौरव झाला, तेव्हा त्या ८२ वर्षांच्या होत्या. १९ जानेवारी २००० रोजी त्यांचं निधन झालं.

मित्रांनो, कुणाचं नुसतं रूप किंवा कपडे पाहून त्याची हुशारी ठरवू नका. आणि वर्गात बोलताना आवाज थोडा कमी ठेवा, म्हणजे सगळ्यांचं सगळ्यांना ऐकू येईल!