जखडलेली रिकीब मोकळी करणारे डॉ. रोझेन

द्वारका चौकातल्या गोंगाटात बोललेले कळते, पण शांत घरात मारलेली हाक ऐकू येत नाही. मग घरचे म्हणतात, हिला सोयीचे तेवढेच ऐकू येते. प्रत्यक्षात हे ओटोस्क्लेरोसिसचे लक्षण असू शकते. गोंगाटात समोरचा माणूस आवाज चढवून बोलतो, शिवाय रुग्णाला आजूबाजूचा गोंगाट कमी जाणवतो. कानाच्या पडद्यामागे हातोडा, ऐरण आणि रिकीब अशी तीन इवलीशी हाडे असतात. या आजारात रिकिबीभोवती हाड वाढून ती जखडते आणि आवाज आतल्या कानापर्यंत पोचत नाही. पडदा मात्र शाबूत दिसतो.

हे कुलूप उघडले डॉ. सॅम्युएल रोझेन यांनी. त्यांचा जन्म १८९७ मध्ये अमेरिकेतील सिरॅक्यूज येथे झाला. पुढे ते न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात कानाचे सर्जन झाले. रिकीब हलवण्याचे प्रयत्न युरोपात एकोणिसाव्या शतकातच झाले होते; पण धोक्यामुळे ते बंद पडले आणि विस्मृतीत गेले. रोझेन यांच्या काळात रिकीब तशीच ठेवून आतल्या कानाला नवी खिडकी पाडत. ही शस्त्रक्रिया मोठी होती आणि नंतर चक्कर येत असे.

१९५२ मध्ये अशाच एका शस्त्रक्रियेत रोझेन रिकीब खरोखर जखडली आहे का, हे सळईने तपासत होते. ती अचानक सुटली. रुग्णाला फक्त जागेवरची भूल दिली होती. त्याला टेबलावरच ऐकू येऊ लागले. रोझेन यांनी हा योगायोग म्हणून सोडून दिला नाही. शवांच्या कानांवर सराव करून त्यांनी पद्धत बसवली आणि देशोदेशी जाऊन ती शिकवली.

अनेकांची रिकीब पुन्हा जखडे. १९५६ मध्ये डॉ. जॉन शे यांनी ती काढून कृत्रिम रिकीब बसवली. आजची शस्त्रक्रिया त्याच वाटेवरची आहे. रोझेन यांनी पुढे सुदानमधील माबान लोकांच्या शांत वस्त्यांत जाऊन वृद्धांची श्रवणशक्ती तपासली. ती उत्तम निघाली. १९८१ मध्ये चीनच्या दौऱ्यावर असताना त्यांचे निधन झाले.

ओटोस्क्लेरोसिस बहुधा तरुण वयात सुरू होतो, स्त्रियांत अधिक आढळतो आणि अनेकदा घराण्यात असतो. शस्त्रक्रियेत थोडा धोका असतो. ती नको असेल तर श्रवणयंत्राचाही उपयोग होतो. पण आधी ऑडिओमेट्री करायला हवी. सुनेला, आईला बहिरी म्हणून हिणवण्यापूर्वी तिला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या.