पेशव्यांचे जोडे आणि ग्वाल्हेरचे पाटीलबाबा

हल्ली नामवंत माणसांच्या वागण्याबद्दल दोनच प्रकारच्या बातम्या येतात. एक म्हणजे, अमक्याने चाहत्याचा मोबाईल हिसकावला, तमक्याने विमानतळावर रांग मोडली, कुणी पत्रकारावर खेकसलं. दुसरी म्हणजे, एवढा मोठा माणूस पण किती साधा, टपरीवर उभं राहून चहा प्यायला! आमच्या वर्गात यावरून एकदा जोरात वाद झाला. काहींचं म्हणणं असं की, उर्मट माणूस निदान आहे तसा दिसतो. साधेपणा मिरवणारा मात्र कॅमेरा बघून साधा होतो. मला त्या वादात सारखे महादजी शिंदे आठवत होते. मराठ्यांच्या इतिहासात नम्रतेचा सगळ्यात गाजलेला प्रसंग त्यांचाच, आणि तो खरा की देखावा, यावर अजूनही एकमत नाही.

महादजी म्हणजे ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याचं सगळ्यात मोठं नाव. घराणं मूळचं सातारा भागातल्या कण्हेरखेडचं, पाटलाचं. वडील राणोजी पहिल्या बाजीरावांच्या पदरी होते. त्यांच्याकडे पेशव्यांचे जोडे सांभाळायचं काम होतं असं सांगतात. एकदा बाजीराव बाहेर आले तर राणोजींना झोप लागलेली, पण जोडे मात्र छातीशी घट्ट धरलेले. तेव्हापासून बाजीरावांची मर्जी बसली, अशी कथा आहे. ती शब्दशः खरी असेल नसेल, पण शिंद्यांनी ती कधी लपवली नाही. आपण वर आल्यावर आजोबा काय करायचे हे सांगायला आपल्यापैकी किती जण तयार असतात?

महादजींचा जन्म १७३० च्या सुमाराचा. ते राणोजींच्या लग्नाच्या बायकोचे पुत्र नव्हते, त्यामुळे वारसाहक्काच्या रांगेत शेवटी. पण लढायांनी ती रांगच संपवली. जयाप्पा १७५५ मध्ये नागोरला मारले गेले. दत्ताजी १० जानेवारी १७६० ला बुराडी घाटावर पडले. पुढच्या वर्षी, १४ जानेवारी १७६१ ला, पानिपतात तुकोजी गेले आणि जयाप्पांचा तरुण मुलगा जनकोजी पकडला जाऊन मारला गेला. महादजींच्या पायावर असा घाव बसला की ते जन्मभर लंगडत चालले. रणातून त्यांना उचललं ते राणेखान नावाच्या एका भिस्त्याने. पखालीतून पाणी वाहणाऱ्या त्या माणसाने त्यांना आपल्या बैलावर घालून दक्षिणेकडे सुखरूप आणलं.

इथून पुढची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. जीव वाचवणाऱ्याला बक्षीस देऊन वाटेला लावणं सोपं होतं. महादजींनी राणेखानाला भाऊ मानलं आणि भाऊ म्हणूनच वागवलं. त्याला सरदारकी दिली, फौजा हाताखाली दिल्या. १७८८ मध्ये गुलाम कादिराच्या तावडीतून दिल्ली सोडवायला निघालेल्या फौजेच्या आघाडीला हाच राणेखान होता. म्हणजे कृतज्ञता एका दिवसाची नव्हती, सत्तावीस वर्षं टिकली होती.

पानिपतानंतर शिंद्यांच्या सरदारकीवरून बरेच तंटे झाले. शेवटी १७६८ मध्ये थोरल्या माधवरावांनी ती महादजींना दिली. पुढचा चढता काळ आपण शाळेत वाचलेला असतो, म्हणून थोडक्यात सांगते. १७७१ मध्ये मराठे पुन्हा दिल्लीत आले आणि त्यांच्या संरक्षणात बादशाह शाह आलम १७७२ च्या सुरुवातीला आपल्या राजधानीत परतला. १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांना शरण यावं लागलं. १७८० मध्ये कॅप्टन पॉपहॅमने रात्रीतून शिड्या लावून ग्वाल्हेरचा किल्ला घेतला. १७८३ मध्ये महादजींनी तो परत मिळवला. मधे १७८२ चा सालबाईचा तह झाला, तोही ग्वाल्हेरजवळच, आणि इंग्रज व पेशवे या दोघांमधले जामीन महादजी. १७८४ मध्ये बादशाहाने वकील-ए-मुतलक हे सर्वोच्च पद दिलं. महादजींनी ते स्वतःच्या नव्हे, पेशव्यांच्या नावावर घेतलं आणि आपण त्यांचे नायब म्हणवले. कागदावर नायब, प्रत्यक्षात दिल्लीचे मालक.

आणि मग १७९२ चा जून. जवळजवळ बारा वर्षांनी महादजी पुण्याला आले. सवाई माधवराव तेव्हा अठरा वर्षांचे. सगळं पुणं बघायला लोटलेलं. उत्तर हिंदुस्थान ज्याच्या धाकात, द बॉयनसारखा युरोपीय सेनानी ज्याच्या पदरी, तो माणूस हत्तीवरून लांबच उतरला, लंगडत आत गेला आणि मानकऱ्यांच्याही खालच्या जागी बसला. पेशवे आल्यावर त्यांनी काखेतलं गाठोडं सोडलं. त्यात नवे जोडे होते. हेच माझ्या वडिलांचं काम, तेच माझं, असं सांगून त्यांनी पेशव्यांच्या पायातले जुने जोडे काढून नवे घातले आणि जुने गाठोड्यात बांधून काखेत धरले. फार आग्रह झाल्यावरच ते वर बसले. वकील-ए-मुतलक नको, मला पाटीलच म्हणा, हा त्यांचा हट्ट तर आधीपासूनचा.

आता खरा प्रश्न. हे सगळं मनापासून होतं का? नाना फडणवीसांना अजिबात तसं वाटलं नाही. पेशव्यांवरची आपली पकड ढिली करायला हा गडी आलाय, हे त्यांनी ओळखलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. महादजींना तरुण पेशव्याची मर्जी हवी होती, उत्तरेतल्या खर्चाचा हिशेब सोडवून घ्यायचा होता. इंग्रज इतिहासकारांनीही हा प्रसंग ढोंगाचा नमुना म्हणूनच लिहून ठेवला. त्यातच बादशाही फर्मान स्वीकारायचा थाटाचा समारंभ महादजींनी घडवून आणला. साताऱ्याला छत्रपती असताना पेशव्यांनी दिल्लीची पदं घ्यावी कशाला, म्हणून नानांचा त्याला विरोध होता. शेवटी छत्रपतींची संमती आणूनच तो पार पडला. म्हणजे एकीकडे जोडे उचलायचे आणि दुसरीकडे दरबारात आपलंच म्हणणं पुढे रेटायचं.

त्यांचा अहंकार मेला होता असंही नाही. सोहिरोबानाथांची आख्यायिका आमच्या गोवेकर मित्रमैत्रिणींना माहीत असेल. बांद्याचे हे संतकवी महादजींचे सेनापती जिवबादादा बक्षी यांच्या ओळखीने उत्तरेत दरबारी आले. महादजी स्वतः कविता करत. त्यांनी मोठ्या हौसेने आपल्या रचना दाखवल्या आणि नाथांनी त्यांना भाव दिला नाही. महादजींचा पारा चढला. तेव्हा नाथांनी तिथल्या तिथे पद रचून सुनावलं की आम्हा बेफिकीर फकिरांना तुमची काही गरज नाही. मग महादजी वरमले, असं सांगतात. काय गंमत आहे बघा! पेशव्यांचे जोडे काखेत धरताना ज्याचं काही बिघडलं नाही, त्याला कवितेची उपेक्षा सहन झाली नाही. लिहिणाऱ्या सगळ्यांनी हे लक्षात ठेवावं. आपल्या मंडळातल्यांनी तर नक्कीच.

क्रूरपणाही होता. शाह आलमचे डोळे काढणाऱ्या गुलाम कादिराला पकडल्यावर १७८९ मध्ये ज्या हालहाल करून मारलं, ते वाचवत नाही. होळकरांशी वैर इतकं विकोपाला गेलं की १७९३ मध्ये लाखेरीला मराठ्यांच्याच दोन फौजा एकमेकांवर तुटून पडल्या.

तरीही महादजींना नुसतं ढोंगी म्हणून मी मोकळी होऊ शकत नाही. पवित्र गुरुवारी आमच्या चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात. लहानपणी मला वाटायचं, वर्षातून एकदा धुऊन काय होतं? आता वाटतं की तो विधी फादरांच्या बाकीच्या ३६४ दिवसांना विचारलेला प्रश्न असतो. महादजींच्या जोड्यांचंही तसंच. त्या एका दिवसावरून त्यांची परीक्षा होणार नाही. पेशव्यांपुढे वाकण्यात फायदा होता. भिस्त्याला भाऊ म्हणण्यात मात्र कसलाच फायदा नव्हता, आणि ते त्यांनी आयुष्यभर केलं. वरच्यांशी नम्रता हे राजकारण असू शकतं. खालच्यांशी नम्रता हाच स्वभाव. जोड्यांच्या प्रसंगाबद्दल माझं मत त्यामुळे असं, की राजकारण शंभर टक्के होतं, पण कुठून आलो हे विसरलेल्या माणसाला ते सुचलंच नसतं.

१२ फेब्रुवारी १७९४ ला पुण्याजवळ वानवडीला महादजी वारले. त्यांची छत्री आजही तिथे आहे. मागून गादीवर आलेले दौलतराव चौदा-पंधरा वर्षांचे. महादजींच्या विधवांशीच त्यांचं युद्ध जुंपलं, सासरे सर्जेराव घाटगे यांनी पुणं लुटलं, आणि १८०३ मध्ये असईच्या पराभवानंतर उत्तरेतली सत्ता इंग्रजांकडे गेली. याच दौलतरावांनी पुढे ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ ठोकला. त्या छावणीचं शहर झालं, म्हणून त्याला आजही लष्कर म्हणतात.

गेल्या वर्षी मी ग्वाल्हेरला जयविलास महाल पाहिला. तो १८७४ चा, म्हणजे महादजींनंतर ऐंशी वर्षांनी बांधलेला. तिथे भली मोठी झुंबरं आहेत, जेवणाच्या टेबलावर पाहुण्यांना पेयं पोचवणारी चांदीची आगगाडी आहे. लोक तिचेच फोटो काढत होते. मीही काढले. पण घराण्याचं मोठेपण मला त्या आगगाडीत दिसलं नाही. ते एका पखालवाल्याच्या बैलावरून आलं होतं, आणि बैलावरचा माणूस ते विसरला नव्हता.