तांबड्या रंगातून गवसलेले औषध

गेरहार्ड डोमाक यांचा जन्म ३० ऑक्टोबर १८९५ रोजी तेव्हाच्या जर्मनीतील व आता पोलंडमध्ये असलेल्या लागोव्ह या गावी झाला. कील येथे वैद्यकाचे शिक्षण सुरू होताच पहिले महायुद्ध पेटले. सैन्यात जखमी झाल्यावर त्यांनी पूर्व आघाडीवरील रुग्णालयांत सेवा केली. शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही जखमा चिघळून सैनिक दगावत. जंतुसंसर्गापुढे वैद्यकाने हात टेकले होते.

१९२७ मध्ये ते बायरच्या एल्बरफेल्ट येथील प्रयोगशाळेत दाखल झाले. क्लारेर आणि मीट्श हे रसायनशास्त्रज्ञ नवी रंगद्रव्ये बनवीत व डोमाक ती रोगट उंदरांवर तपासत. डिसेंबर १९३२ मध्ये एका तांबड्या रंगद्रव्याने स्ट्रेप्टोकॉकसची लागण झालेले उंदीर वाचविले. तेच ‘प्रॉन्टोसिल’. परीक्षानळीत मात्र ते निष्प्रभ ठरे. नुसत्या परीक्षानळीवर विसंबणाऱ्याने ते केव्हाच टाकून दिले असते.

१९३५ च्या अखेरीस त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीच्या हातात सुई घुसली. विष भिनू लागले आणि हात कापण्याची वेळ आली. डोमाक यांनी प्रॉन्टोसिल दिले. मुलीचा जीव वाचला, हातही वाचला.

या औषधाचे कोडे इतरांनी उलगडले. शरीरात प्रॉन्टोसिलचे विघटन होऊन सल्फानिलामाइड मोकळे होते, हे पॅरिसच्या पाश्चर संस्थेने १९३५ मध्ये दाखविले. १९४० मध्ये ब्रिटनच्या डोनाल्ड वुड्स यांनी पुढचा धागा पकडला. जिवाणू पॅरा-अमिनोबेन्झॉइक आम्लापासून स्वतःचे फोलिक आम्ल बनवितात. सल्फाचा रेणू दिसायला त्या आम्लासारखाच. तो संबंधित विकराची जागा अडवितो आणि जिवाणूंची वाढ खुंटते. माणसाला फोलिक आम्ल आहारातून मिळते, हे विकर त्याच्यापाशी नसतेच. शत्रूच्याच घरातील कुलपाला बसणारी ही किल्ली होती. पुढे जिवाणूंनी त्या विकराची घडण बदलून सल्फाला दाद देणे कमी केले, हेही खरे.

१९३९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक डोमाक यांना जाहीर झाले. हिटलरने जर्मनांना नोबेल स्वीकारण्यास मनाई केली होती. गेस्टापोने त्यांना अटक करून पारितोषिक नाकारण्यास भाग पाडले. १९४७ मध्ये पदक व मानपत्र मिळाले. रक्कम मात्र नियमानुसार केव्हाच परत गेली होती.

नंतर त्यांनी क्षयाकडे मोर्चा वळविला. १९५०च्या दशकाच्या आरंभी आयसोनियाझिड पुढे आणणाऱ्या तीन स्वतंत्र गटांपैकी एक त्यांचा होता. हे औषधही क्षयजंतूच्या एका विकरालाच रोखते, हे १९९४ मध्ये कळले. डोमाक यांचे निधन त्यापूर्वीच, २४ एप्रिल १९६४ रोजी झाले होते.