लोकापवाद झुगारून विधवांना आसरा देणाऱ्या सावित्रीबाई

मुलींच्या पहिल्या शाळेचा विषय निघाला, की सावित्रीबाई फुले यांचे नाव आपसूक ओठांवर येते. त्यांच्या आयुष्यातील दुसरे मोठे कार्य मात्र काहीसे झाकोळले गेले. फसवणुकीला वा बळजबरीला बळी पडून गरोदर राहिलेल्या आणि समाजाने आधीच दोषी ठरवलेल्या विधवांना सावित्रीबाईंनी आपल्या घरात आसरा दिला.

सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे ३ जानेवारी १८३१ रोजी त्यांचा जन्म झाला. १८४० मध्ये जोतीरावांशी विवाह झाला. पतीकडून अक्षरओळख करून घेतलेल्या सावित्रीबाई १८४८ मध्ये बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींना शिकवू लागल्या. शाळेच्या वाटेवर त्यांच्या अंगावर चिखल व शेण फेकले जाई. सनातन्यांच्या दबावामुळे सासरे गोविंदराव यांचे घरही दाम्पत्याला सोडावे लागले. लोकनिंदेचा घाव किती खोल असतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

काशीबाईचा खटला

त्या काळी पुण्याच्या पेठांमध्ये बालविवाह सर्रास होत. कळत्या वयाच्या आतच अनेक मुलींना वैधव्य येई. विधवा पुनर्विवाहाला १८५६ च्या कायद्याने मान्यता दिली. पण उच्चवर्णीयांत रूढीचा पहारा कायम राहिला. पोटासाठी इतरांच्या आधाराने जगणाऱ्या अशा स्त्रीचा कोणी गैरफायदा घेतला आणि तिला दिवस गेले, तर बोट तिच्याकडेच दाखवले जाई. पुरुषाचे नाव सहसा निघत नसे.

जोतीरावांचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची ब्राह्मण विधवा स्वयंपाकाचे काम करीत असे. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला जाळ्यात ओढण्याचा प्रयत्न चालवला. तिने आरंभी विरोध केला, पण अखेर ती बळी पडली. गर्भपातासाठी घेतलेली जहाल औषधे निष्फळ ठरली. मुलगा झाला, तेव्हा बेअब्रूच्या भीतीने तिने त्याचा जीव घेतला आणि मृतदेह घरामागील विहिरीत टाकला. पुण्याच्या सत्र न्यायालयाने तिला जन्मठेप, काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली.

घरातच प्रतिबंधक गृह

या खटल्याने फुले दाम्पत्य हादरले. १८६३ मध्ये त्यांनी राहत्या जागेच्या आवारातच बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. ब्राह्मण वस्तीतील रस्त्यांच्या कोपऱ्यांवर छापील जाहिराती चिकटवण्यात आल्या. विधवांनी येथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे आणि मूल सोबत न्यावे किंवा गृहातच ठेवावे, अशी मुभा होती.

येणाऱ्या स्त्रियांची शुश्रूषा आणि बाळांची देखभाल हा भार सावित्रीबाईंनी उचलला. १८८४ पर्यंत ३५ विधवा येथे बाळंत झाल्या. जोतीरावांनी तेव्हा नोंदवल्यानुसार त्यांच्या मुलांपैकी केवळ ५ जिवंत होती. गर्भ लपवण्यासाठी मातांनी आधीच घेतलेल्या विषारी औषधांनी ३० बालकांचा बळी घेतला होता. या आकड्यांवरून त्या स्त्रियांच्या मनातील दहशतीची कल्पना यावी. अशाच एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला फुले दाम्पत्याने १८७४ मध्ये दत्तक घेतले. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला.

लोकक्षोभापुढे न डगमगण्याचा हा स्वभाव अन्यत्रही दिसतो. १८६८ मध्ये नायगावच्या मुक्कामात सावित्रीबाईंना कळले, की एक ब्राह्मण तरुण आणि त्याच्यापासून गरोदर राहिलेली महार मुलगी यांना जमाव मारहाण करीत गावातून फिरवत आहे. दोघांना ठार करण्याचाच बेत होता. सावित्रीबाई धावून गेल्या आणि इंग्रज सरकारच्या कायद्याचा धाक दाखवून त्यांनी दोघांचे प्राण वाचवले. पुढे त्यांना पुण्याला जोतीरावांकडे पाठवले.

अखेरपर्यंत सेवा

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे निधन झाले. अंत्ययात्रेत टिटवे धरून सावित्रीबाई पुढे चालल्या. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

पीडितेकडेच संशयाने पाहण्याची वृत्ती त्यांच्यानंतरही टिकली. १९७२ मध्ये गडचिरोली भागातील एका आदिवासी मुलीवर पोलिस ठाण्यात अत्याचार झाल्याचा खटला गाजला. अंगावर जखमा नाहीत, या मुद्द्याला महत्त्व देत सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले. त्यावर देशभर आंदोलन उभे राहिले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पीडितेची ओळख उघड करणे तेव्हापासून गुन्हा ठरले. तिची ओळख जपण्याचे मोल गंज पेठेतील त्या घराने त्याआधी १२० वर्षे जाणले होते. फुले वाडा आज राष्ट्रीय स्मारक आहे. तेथे जाणाऱ्याने शाळेइतकीच त्या ३५ स्त्रियांचीही आठवण ठेवायला हवी.