केशवसुतांची जन्मतारीख आणि एसक्यूएलची अपडेट क्वेरी

जयगडहून समुद्राच्या कडेने गणपतीपुळ्याकडे निघालात की वाटेत मालगुंड लागतं. कृष्णाजी केशव दामले, म्हणजे आपले केशवसुत, याच गावचे. त्यांची 'तुतारी' तुम्ही शाळेत ऐकली असेलच. आज त्यांचं आयुष्य बघू आणि सोबत अपडेट क्वेरीही शिकू.

वडील शाळामास्तर, घरची परिस्थिती बेताची. शिक्षण रखडत झालं, मॅट्रिक व्हायला १८८९ साल उजाडलं. मग मुंबईत छोट्यामोठ्या नोकऱ्या केल्या. मुंबईत प्लेग पसरल्यावर ते खानदेशात गेले, फैजपूरला शिक्षक झाले. १९०४ मध्ये धारवाडच्या हायस्कूलमध्ये मराठी शिकवू लागले. पण ७ नोव्हेंबर १९०५ रोजी हुबळीत प्लेगनेच त्यांना गाठलं. वयाची चाळिशीही झाली नव्हती. कवितांचं पुस्तक निघालं ते त्यांच्या मागे, हरिभाऊ आपट्यांच्या पुढाकाराने.

आता समजा, एखाद्या वाचनालयाने 'कवी' नावाचं टेबल केलं आणि टाइप करताना १८६६ ऐवजी १८८६ जन्मसाल पडलं. म्हणजे केशवसुत तिसऱ्या वर्षी मॅट्रिक! चूक उघड आहे. दुरुस्ती अशी (कॉम्प्युटरवर कमांड इंग्रजी अक्षरांत लिहायची):

अपडेट कवी सेट जन्मसाल = १८६६ व्हेअर आयडी = १२;

अपडेट म्हणजे कोणतं टेबल, सेट म्हणजे काय बदलायचं, व्हेअर म्हणजे कोणत्या ओळीत. व्हेअर विसरलात तर ज्ञानेश्वर-तुकारामांसकट सगळेच १८६६ साली जन्मतील! व्हेअरमध्ये नावाऐवजी आयडी वापरा, कारण नोंद कुठे 'केशवसुत' असते, कुठे 'दामले'. आधी तोच व्हेअर लावून सिलेक्ट चालवा आणि ओळ बघून घ्या. मग ट्रान्झॅक्शन सुरू करून अपडेट करा. एकच ओळ बदलली तर कमिट, नाहीतर रोलबॅक.

खरी गंमत पुढे आहे. केशवसुतांची जन्मतारीख काही ठिकाणी १५ मार्च १८६६ दिसते, तर काही ठिकाणी ७ ऑक्टोबर १८६६. इथे अपडेट मारायची घाई नको. कमिट झालं की जुनी तारीख टेबलमधून जाते आणि वाद होता हेही पुसलं जातं. त्यापेक्षा वेगळं टेबल करून दोन्ही तारखा ठेवा, प्रत्येकीपुढे ती कुठून घेतली ते लिहा.

टायपिंगची चूक बिनधास्त दुरुस्त करा. पण माणूस आपली तारीख सांगायला उरलेला नसतो, तेव्हा एंटर दाबण्याआधी पुरावा बघा.