विल्यम कॅरी : चार दशकांची संथ धाव

ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या नव्या करारात श्रद्धेच्या जीवनाला अनेक ठिकाणी धावण्याच्या शर्यतीची उपमा दिलेली आढळते. करिंथ शहराजवळ भरणारे क्रीडामहोत्सव प्रेषित पौलाच्या वाचकांना परिचित होते. त्यामुळे धावपटू, त्याचा सराव आणि विजेत्याच्या मस्तकावरील पर्णमुकुट ही चित्रे त्यांना चटकन उमगत. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात तर वेगापेक्षा धीरावरच भर आहे. ही सर्व पत्रे असलेला संपूर्ण नवा करार मराठीत प्रथम छापला गेला तो १८११ साली, आणि तोही महाराष्ट्रात नव्हे तर बंगालमधील हुगळी नदीकाठच्या श्रीरामपुरात. (अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूरशी या गावाचा संबंध नाही.) हे काम करणारे डॉ. विल्यम कॅरी व्यवसायाने मूळचे चांभार होते. त्यांनी महाराष्ट्राची भूमी कधीही पाहिली नाही.

कॅरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यातील पॉलर्सपरी या खेड्यात झाला. वडील एडमंड विणकर होते व पुढे गावच्या शाळेत शिक्षक झाले. त्वचेच्या विकारामुळे उन्हातान्हात शेतीचे काम विल्यमला सोसेना. म्हणून किशोरवयातच त्याला पिडिंग्टन येथे एका चांभाराकडे उमेदवारीवर ठेवण्यात आले. धन्याच्या दुकानातील एका बायबल-भाष्यात त्याला अनोळखी लिपीतील शब्द दिसले. ती ग्रीक भाषा आहे असे कळल्यावर त्याने ते शब्द उतरवून घेतले व गावाकडच्या एका शिकलेल्या विणकराकडून त्यांचे अर्थ समजून घेतले. भाषा शिकण्याची त्याची ही रीत अखेरपर्यंत बदलली नाही : एक एक शब्द, जो भेटेल तो गुरू आणि रोजचा नेम.

१७८१ साली वयाच्या विसाव्या वर्षी त्यांचा विवाह डोरोथी प्लॅकेट हिच्याशी झाला. डोरोथीला लिहिता-वाचता येत नव्हते. विवाहाच्या नोंदवहीत तिने नावाऐवजी फुली मारली. त्यांची पहिली मुलगी दोन वर्षांचीही होण्यापूर्वी तापाने दगावली. १७८३ साली कॅरी यांनी नेन नदीत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे मोल्टन या खेड्यात ते पाळक झाले. पगार तुटपुंजा असल्याने जोडे शिवणे व मुलांना शिकवणे चालूच होते. कॅप्टन कुक यांच्या सागरी सफरींची वर्णने वाचून त्यांनी जगाचा एक नकाशा स्वतः तयार केला व भिंतीवर लावला. प्रत्येक देशाची लोकसंख्या आणि धर्म ते त्यावर टिपून ठेवीत. या टिपणांतूनच १७९२ साली त्यांची परदेशी धर्मकार्याविषयीची पुस्तिका प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला केटरिंग येथे बाप्टिस्ट मिशनरी सोसायटीची स्थापना झाली. त्या दिवशी जमलेली वर्गणी अवघी १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स होती.

भारतात जाण्याचा निर्णय कॅरी यांचा होता, डोरोथीचा नव्हता. ती गरोदर होती आणि तिने प्रथम स्पष्ट नकार दिला. थोरल्या मुलाला घेऊन एकट्यानेच निघण्याची कॅरी यांची तयारी होती. परंतु त्यांचे सहकारी डॉ. जॉन थॉमस यांची देणी व ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना नसणे या कारणांनी पहिल्या जहाजावरून सर्वांना उतरावे लागले. या विलंबात डोरोथी बाळंत झाली. पुन्हा झालेल्या विनवण्यांपुढे तिने अखेर होकार दिला, मात्र बहीण कॅथरिन सोबत असावी ही अट घातली. १३ जून १७९३ रोजी हे कुटुंब एका डॅनिश जहाजातून निघाले व ११ नोव्हेंबरला कलकत्त्यास पोहोचले. त्यानंतर कॅरी ४१ वर्षे जगले, पण मायदेशी एकदाही परतले नाहीत.

आरंभीची वर्षे हलाखीची गेली. आणलेले पैसे थॉमस यांच्या हातून पाहता पाहता संपले. काही काळ कुटुंब सुंदरबनाच्या कडेला राहिले. १७९४ साली माल्दाजवळ मदनावती येथील निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापकाची नोकरी मिळाली, तेव्हा कुठे पोटापाण्याची सोय झाली. त्याच वर्षी पाच वर्षांचा मुलगा पीटर अतिसाराने वारला. परक्या धर्माच्या मुलाची कबर खणण्यास माणसे मिळणेही कठीण झाले. इंग्लंडहून पहिली पत्रे हाती पडेपर्यंत दीड वर्षाच्या आसपास काळ लोटला होता.

पीटरच्या मृत्यूनंतर डोरोथीचे मन ढळले. पती व्यभिचारी आहे असा तिला भ्रम झाला. ती रस्त्यात त्यांना शिव्याशाप देई, एकदोनदा तिने त्यांच्यावर हल्लाही केला. पुढे तिला खोलीत बंद ठेवावे लागले. ८ डिसेंबर १८०७ रोजी तिचा मृत्यू झाला, तोवर म्हणजे सुमारे १२ वर्षे ही स्थिती टिकली. कॅरी यांची भाषांतरे याच काळात, बरेचदा शेजारच्या खोलीतून तिचा आक्रोश ऐकू येत असताना झाली. जुन्या चरित्रकारांनी डोरोथीला कॅरी यांच्या मार्गातील अडथळा म्हणून रंगवले. हा तिच्यावर अन्याय होता. जी धाव तिने निवडलीच नव्हती, तिची सर्वांत मोठी किंमत तिने मोजली. कॅरी यांच्या चिकाटीचा गौरव करताना ही बाजू झाकून ठेवता येत नाही.

मदनावतीच्या मुक्कामात कॅरी मुनशी रामराम बसू यांच्याकडे बंगाली शिकले. त्यांनी संस्कृतचा अभ्यास सुरू केला आणि नव्या कराराचे बंगाली भाषांतर जवळजवळ पुरे केले. एक लाकडी छापखाना त्यांना भेट मिळाला, तेव्हा ते यंत्र म्हणजे साहेबांचा देवच असावा, अशी गावकऱ्यांची समजूत झाली. मात्र ज्या कार्यासाठी ते आले होते त्यात यश शून्य होते. सहा वर्षे प्रवचने करूनही एकाही बंगाली माणसाने त्यांचा धर्म स्वीकारला नव्हता.

१० जानेवारी १८०० रोजी कॅरी श्रीरामपुरास आले. हे गाव डॅनिश अमलाखाली असल्याने कंपनी सरकारचा मनाई-हुकूम तेथे चालत नसे. नुकतेच आलेले शिक्षक जोशुआ मार्शमन व मुद्रक विल्यम वॉर्ड तेथे त्यांना मिळाले. तिघांनी एकत्र चूल मांडली आणि कमाई सामायिक निधीत टाकण्याचे ठरवले. त्या वर्षाअखेर, २८ डिसेंबरला, कृष्ण पाल या सुताराने हुगळीत बाप्तिस्मा घेतला. निखळलेला खांदा बसवून घेण्याच्या निमित्ताने त्याची या मंडळींशी ओळख झाली होती. कॅरी यांना भारतात येऊन तेव्हा सात वर्षे उलटली होती.

१८०१ मध्ये बंगाली नवा करार छापून झाला. त्याच वर्षी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम महाविद्यालयात कॅरी यांची बंगालीचे अध्यापक म्हणून नेमणूक झाली. औपचारिक शिक्षण जेमतेम घेतलेल्या माणसाला कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना शिकवण्याचे काम मिळाले. लवकरच संस्कृत व मराठी हे विषयही त्यांच्याकडे आले. तो काळ दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाचा होता आणि मराठी जाणणारे अधिकारी कंपनीला हवे होते. कॅरी मराठी शिकले ते पंडित वैद्यनाथ यांच्याकडून. १८०५ साली त्यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले, १८१० साली मराठी-इंग्रजी कोश आला. कोशातील मराठी शब्द मोडी लिपीत होते. १८१४ साली श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी सिंहासनबत्तिशीही बाहेर पडली. पुण्या-मुंबईत मराठी ग्रंथछपाईने मूळ धरण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. या कामात पंडितांइतकाच वाटा कारागिरांचा होता. अक्षरांचे साचे कोरणारे पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर यांच्यावाचून श्रीरामपूरचा छापखाना उभाच राहिला नसता.

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी या छापखान्याला आग लागली. कॅरी कलकत्त्यास होते. दारे-खिडक्या बंद करून आग गुदमरवण्याचा प्रयत्न वॉर्ड यांनी केला, परंतु खिडक्या उघडल्या गेल्या आणि ज्वाळा भडकल्या. पहाटेपर्यंत कागदाचा साठा, अनेक भारतीय लिप्यांचे टंक आणि हस्तलिखिते जळून गेली. तेलुगू व पंजाबी व्याकरणे, रामायणाच्या भाषांतराचा भाग आणि पौर्वात्य भाषांच्या तौलनिक महाकोशाची सामग्री या हस्तलिखितांत होती. ही बातमी मार्शमन यांनी सकाळी कलकत्त्यास येऊन सांगितली. त्या संध्याकाळी कॅरी धुमसणाऱ्या ढिगाऱ्यातून फिरले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते, असे सहकाऱ्यांनी नोंदवले आहे.

टंक जळाले होते, पण साचे वाचले होते. मुद्रणयंत्रेही बाहेर काढता आली. वितळलेले शिसे राखेतून वेचून काढण्यात आले आणि मनोहर व त्यांचे सहकारी रात्रंदिवस नवी अक्षरे ओतू लागले. कॅरी तेव्हा पन्नाशीचे होते. एकदा चाललेली वाट दुसऱ्यांदा सोपी जाते, अशा आशयाचे त्यांनी इंग्लंडला कळवले आणि व्याकरणे पुन्हा लिहावयास घेतली. काही महिन्यांतच छपाई पूर्ववत सुरू झाली. महाकोशाचे काम मात्र त्यांनी परत हाती घेतले नाही. इंग्लंडमध्ये या आगीच्या वार्तेने एवढी सहानुभूती उसळली की नुकसानभरपाईची रक्कम सुमारे दोन महिन्यांत जमा झाली. कॅरी यांना लाभलेल्या प्रसिद्धीचा उगम बऱ्याच अंशी या आगीत आहे.

त्यांच्या इतर कार्याची यादी मोठी आहे. १८१८ साली श्रीरामपूर महाविद्यालय व समाचार दर्पण हे बंगाली वृत्तपत्र सुरू झाले. १८२० साली त्यांच्या पुढाकाराने कृषी व उद्यानविद्या संस्था स्थापन झाली. वनस्पतिशास्त्राची आवड त्यांना बालपणापासून होती आणि श्रीरामपूरची त्यांची बाग प्रसिद्ध होती. डिसेंबर १८२९ मध्ये सतीबंदीचा कायदा बंगाली भाषांतरासाठी त्यांच्याकडे आला, तो दिवस रविवारचा होता. उपासनेतील प्रवचन दुसऱ्यावर सोपवून त्यांनी दिवसभरात भाषांतर पुरे केले, कारण एका दिवसाच्या उशिराने आणखी काही स्त्रियांचे प्राण जातील हे ते जाणून होते.

परंतु उत्तरायुष्याला यशाची कहाणी म्हणणे कठीण आहे. इंग्लंडमधील जुने मित्र निवर्तल्यावर सोसायटीच्या नव्या चालकांशी मालमत्ता व अधिकार यांवरून वाद सुरू झाला. तो दहा वर्षांहून अधिक चालला आणि १८२७ साली श्रीरामपूरकर सोसायटीपासून वेगळे झाले. थोरला मुलगा फेलिक्स ब्रह्मदेशात धर्मकार्य सोडून राजदरबारी गेला, हे वडिलांना फार लागले. पुढे तो परत आला व भाषांतरात हातभार लावू लागला, तोच १८२२ मध्ये वारला. त्याआधी १८२१ मध्ये दुसरी पत्नी शार्लट गेली. १८२३ मध्ये वॉर्ड पटकीने दगावले. त्याच वर्षी पुराने बाग बुडाली आणि पडल्यामुळे स्वतः कॅरी यांच्या कमरेला गंभीर दुखापत झाली. त्यानंतर कलकत्त्याच्या व्यापारी पेढ्या बुडाल्या आणि धर्मकार्यासाठी ठेवलेला पैसाही गेला.

त्यांच्या भाषांतरांनाही उणेपणा चिकटला होता. पस्तीसच्या आसपास भाषांत श्रीरामपूरने बायबल किंवा त्याचे भाग छापले. इतका विस्तार कोणत्याही माणसाच्या आवाक्याबाहेरचा होता. मराठी नव्या कराराची भाषा पश्चिम महाराष्ट्रातील वाचकांना परकी वाटे. मुंबईच्या अमेरिकन मिशनने १८२६ साली स्वतःचे नवे भाषांतर प्रसिद्ध केले आणि श्रीरामपूरची प्रत मागे पडली. स्वतः कॅरी आपल्या कामाला कधीच अंतिम मानत नसत. बंगाली नव्या कराराच्या आठ आवृत्त्या त्यांनी आपल्या हयातीत सुधारल्या. आपल्याविषयी कोणी लिहिलेच तर रेटून काम करण्याच्या गुणापलीकडे श्रेय देऊ नये, असे त्यांनी पुतण्याला बजावले होते. युस्टेस कॅरी या त्याच पुतण्याने १८३६ साली त्यांचे चरित्र लिहिले.

१८३२ साली बंगाली बायबलची शेवटची सुधारणा त्यांनी पूर्ण केली. नंतर शक्ती ओसरत गेली. चालता येईनासे झाले तेव्हा ते चाकांच्या खुर्चीतून बागेत फिरवून आणण्यास सांगत व माळ्यांना सूचना देत. ९ जून १८३४ रोजी श्रीरामपूर येथे वयाच्या ७२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आयुष्यभरात हजारो रुपये कमावून सामायिक निधीत टाकणाऱ्या या माणसाने एका मुलाला १५०० रुपये देण्यासाठी स्वतःची पुस्तके विकावीत, अशी तरतूद मृत्युपत्रात केली होती. अंत्यविधी अगदी साधा असावा, कबरीवर नाव, जन्म-मृत्यूच्या तारखा आणि आयझॅक वॉट्स यांच्या एका भजनातील दीनता व्यक्त करणाऱ्या दोन ओळी यांखेरीज काही नसावे, असेही त्यात होते. दफनासाठी त्यांनी दुसरी पत्नी शार्लट हिच्या शेजारची जागा मागितली होती. त्याप्रमाणे झाले. डोरोथीची कबरही श्रीरामपूरच्या त्याच मिशन दफनभूमीत आहे.